रोपाचे पहिले घर

मृग नक्षत्र जवळ आले की माळव्यातल्या गावागावांतून वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. शाळा, भगिनी मंडळे, वसाहतींच्या समित्या, पतपेढ्या, ज्याला त्याला रोपे हवी असतात. आपल्या मराठी घरांतही गेल्या काही वर्षांत एक चांगली चाल रुळू लागली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून, मुंजीला आलेल्या पाहुण्यांच्या हाती निरोपाची भेट म्हणून, किंवा दिवंगत वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ रोप दिले जाते. स्टीलच्या वाटीपेक्षा हे वाण अधिक अर्थपूर्ण, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

शासनाचा उत्साहही थोडा नाही. २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत साडेसहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे मध्यप्रदेश शासनाने जाहीर केले. १४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंज टेकडीवर चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपे लागली आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. आकडे मोठे आहेत. परंतु ते रोपे लावल्याचे आकडे आहेत. झाड उभे राहिले की नाही, हे पाच, दहा, पंधरा वर्षांनी कळायचे. त्या उत्तराचा बराचसा भाग रोप खड्ड्यात जाण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. रोप कोणत्या जातीचे, खड्डा केवढा, पाणी कोण घालणार, हे आपण अगत्याने विचारतो. रोप वाढले कशात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मूळ कसे वाढते

बी रुजले की प्रथम बाहेर पडते ते मूळ, अंकुर मागाहून. मुळाच्या टोकावर एक नाजूक टोपी असते आणि तिच्यातील पेशींना गुरुत्वाकर्षणाची जाण असते. म्हणूनच बी उलटे पेरले गेले तरी सोटमूळ वळसा घेऊन खालीच जाते. पुढे त्याच्या बाजूंनी उपमुळे फुटतात, ती आडवी अथवा तिरकी पसरतात, आणि त्यांनाही बारीक तंतुमुळे येतात. पाणी व क्षार शोषण्याचे काम मुख्यतः ह्या कोवळ्या टोकांच्या आसपास चालते. जाड, तपकिरी झालेली मुळे शोषण फारसे करीत नाहीत. ती पाणी वाहून नेतात आणि झाडाला जमिनीत धरून ठेवतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. कोवळे मूळ जिकडे वळेल त्या वळणातच ते पुढे काष्ठमय होते, आणि एकदा लाकूड झाले की ते वळण कधीही सरळ होत नाही. रोप जमिनीत लावल्यावर नवी मुळे फुटतात हे खरे. पण ती बहुतांशी जुन्या मुळांच्या टोकांपासून, ते टोक ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेने निघतात. म्हणजे रोपवाटिकेतल्या पहिल्या काही महिन्यांत मुळांचा जो सांगाडा बनतो, तोच पुढे पन्नास वर्षांच्या वृक्षाचा पाया ठरतो. लहानपणी लागलेले वळण मोठेपणी मोडत नाही असे आपण मुलांविषयी म्हणतो. मुळांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

टोपलीपासून पिशवीपर्यंत

रोपे पिशवीत वाढवण्याची पद्धत आज इतकी सर्वत्र झाली आहे, की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः तसे नाही. जुन्या रोपवाटिकांत रोपे गादीवाफ्यावर वाढवीत आणि पाऊस स्थिरावल्यावर मुळांभोवतीच्या मातीसह उचलून लावीत. ज्यांना हा हलवाहलवीचा त्रास सोसत नसे त्यांच्यासाठी पानांचे द्रोण, बांबूच्या टोपल्या, बांबूच्या पोकळ कांड्या किंवा मातीच्या कुंड्या असत. द्रोण आणि टोपली जमिनीत कुजून जाई, त्यामुळे मुळांची वाट फार काळ अडून राहत नसे.

सागाच्या बाबतीत तर आपल्या वनरक्षकांनी भांड्याची गरजच ठेवली नाही. वाफ्यावरचे सुमारे वर्षाचे, अंगठ्याएवढे जाड झालेले रोप उपटावयाचे. वरचा शेंडा दोन-तीन सेंटीमीटर ठेवून छाटावयाचा. खालचे सोटमूळ वीतभर ठेवून बाकीची मुळे कापून टाकावयाची. उरतो तो गाजरासारखा एक सोट. त्याला खात्यातली माणसे ‘स्टंप’ म्हणतात. पहारीने भोक पाडून तो जमिनीत ठोकला, की पावसाबरोबर वर कोंब आणि खाली नवी मुळे फुटतात. ती नवी मुळे कोणत्याही भिंतीला न अडता थेट मोकळ्या मातीत जातात. मध्यप्रदेशातील सागाची कित्येक वने अशाच स्टंपांतून उभी राहिली आहेत.

पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त झाले आणि हळूहळू जगभरच्या रोपवाटिकांत शिरले. भारतात १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाचा जोरदार पुरस्कार केला. त्यानंतरच्या दशकात कोट्यवधी रोपांची गरज निर्माण झाली आणि काळी पिशवी रोपवाटिकेची राणी झाली. तिचे गुण नाकारण्याजोगे नाहीत. ती अल्पमोली आहे, हलकी आहे, ओलावा टिकवते, आणि जवळच्या कोणत्याही मातीत शेणखत मिसळून ती भरता येते. गरीब खेड्यातली बाईदेखील चार पिशव्या भरून रोपे तयार करू शकते. देशाचे वनीकरण ह्या पिशवीवाचून एवढ्या प्रमाणात होऊच शकले नसते.

वेटोळ्याचे दुखणे

पिशवीचा दोष तिच्या गुळगुळीत, गोल भिंतीत आहे. उपमूळ आडवे वाढत जाऊन भिंतीला भिडले की त्याला पुढे वाट नसते. ते भिंतीच्या कडेने वळते आणि वळतच राहते. सोटमूळ तळाशी पोहोचले की तेही गुंडाळू लागते. काही महिन्यांत पिशवीच्या आत घड्याळाच्या कमानीसारखे मुळांचे वेटोळे तयार होते. वरून रोप टवटवीत दिसते, पाने हिरवीगार असतात, खरेदीदार खूष होतो.

दुसरा दोष वाफ्यातून पिशवीत रोप हलवताना शिरतो. भोक उथळ पाडले आणि लांब मूळ घाईने त्यात दडपले, की मुळाचे टोक वर वळते आणि छत्रीच्या मुठीसारखा आकडा तयार होतो. हे काम रोजंदारीवर, रोपांच्या संख्येवर पैसे ठरवून चालत असेल, तर असे आकडे किती निघत असतील याची कल्पना वाचकांनी करावी.

ह्या दोषांचे परिणाम लगेच दिसत नाहीत, हीच खरी अडचण आहे. पहिल्या पावसाळ्यात रोप जगते, कारण पाणी मुबलक असते. मार्गशीर्षानंतर वरची माती सुकू लागते. त्या वेळी ज्याची मुळे खोल गेली ते रोप तग धरते, आणि ज्याची मुळे अजून पिशवीच्या आकारातच घुटमळत असतात ते चैत्र-वैशाखात वाळते. आपण म्हणतो, यंदा ऊन फार होते. काही रोपे त्यातूनही वाचतात आणि झाडे होतात. मग आठ-दहा वर्षांनी खोड जाड होऊ लागते, त्याबरोबर खोडाभोवतीचे वेटोळेही जाड होते आणि दोन्ही एकमेकांना आवळू लागतात. अन्नरस वाहण्याच्या वाटा चिमटल्या जातात, शेंडा वाळतो. किंवा एखाद्या वादळी पावसात उंच झाड बुंध्याशी मुरगळून आडवे होते, आणि खाली पाहावे तो मुळांचा पसारा जवळजवळ नाहीच. पिशवीच्या मापाचा एक गड्डा तेवढा दिसतो. आपण म्हणतो, वारा फार होता.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये कागदी कुंड्यांत वाढवलेल्या पाइनच्या रोपांची फार मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. पुढे त्यांतली पुष्कळ झाडे बुंध्याशी वाकलेली, वाऱ्याबर्फात न टिकणारी निघाली, आणि कारण शोधता शोधता तज्ज्ञ मुळांच्या विकृतीपर्यंत पोहोचले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील वनशास्त्रज्ञांनाही हीच चिंता होती. १९७८ साली तेथील व्हिक्टोरिया शहरात ‘लावलेल्या झाडांच्या मुळांचा आकार’ ह्या एकाच विषयावर परिषद भरली. जिथे कोट्यवधी वृक्षांचे उत्पन्न पणाला लागले होते, तिथे मुळाकडे पाहावेच लागले.

हवेची कात्री

मुळाला भिंत अडवते तेव्हा ते वळते. मग भिंतच नसेल तर? मूळ मातीतून बाहेर कोरड्या हवेत आले, की त्याचे कोवळे टोक वाळून जाते. माळी शेंडा खुडतो तेव्हा झाडाला खालून बगलफुटी येते. त्याच न्यायाने टोक वाळलेल्या मुळाला मागच्या बाजूने नवी उपमुळे फुटतात. ती पुन्हा हवेपर्यंत येतात, पुन्हा थांबतात, पुन्हा फुटतात. कोणतेही हत्यार न लावता मुळांची छाटणी होते आणि आत वेटोळ्याऐवजी बाहेर तोंड करून बसलेल्या असंख्य टोकांचा भरगच्च गड्डा तयार होतो. रोप जमिनीत गेले, की ती सगळी टोके एकदम चालू लागतात.

अमेरिकन उद्यानशास्त्रज्ञ कार्ल व्हिटकॉम्ब यांनी १९६८ च्या सुमारास दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तळ काढून, ती जाळीवर ठेवून त्यांत रोपे वाढवण्याचे प्रयोग सुरू केले, ते ह्याच तत्त्वावर. कॅनडात बर्डेट यांनी १९७८ साली दुसरा मार्ग दाखवला. कुंडीच्या आतल्या बाजूला त्यांनी ताम्रक्षार मिसळलेला रंग लावला. तांब्याच्या संपर्काने मुळांची टोके भिंतीपाशीच थांबतात. जमिनीत लावल्यावर ती पुन्हा वाढू लागतात.

आपल्याकडे १९९० च्या दशकात अनेक राज्यांच्या वनखात्यांनी ‘रूट ट्रेनर’ आणले. नावाप्रमाणे ही मुळांना शिस्त लावणारी नळी. निमुळते प्लॅस्टिकचे पेले एका तबकात ओळीने बसवलेले असतात. प्रत्येकाच्या आतल्या भिंतीवर उभ्या कडा असतात. आडवे जाणारे मूळ कडेला अडते आणि गोल फिरण्याऐवजी खाली उतरते. तळाला मोठे छिद्र असते आणि तबक जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवतात, म्हणून खाली आलेले मूळ हवेत थांबते. मांडणी न करता तबक जमिनीवर टेकवले, तर मुळे थेट जमिनीत घुसतात आणि साऱ्या खर्चावर पाणी पडते. रूट ट्रेनरचे निम्मे मर्म त्याच्या खालच्या रिकाम्या जागेत आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

केवढे घर हवे

मग पिशवी टाकून सरसकट रूट ट्रेनर घ्यावेत काय? इतके सोपे उत्तर निसर्ग सहसा देत नाही. जर्मनीतील हेंड्रिक पूर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कुंडीच्या आकाराविषयीच्या ६५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले, तर वनस्पतीचे वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांत आढळले. म्हणजे लहान घरात रोप खुरटते, हे निःसंशय.

आता हिशोब करून पाहू. सपाट ठेवली असता १५ सेंटीमीटर रुंद व २५ सेंटीमीटर उंच असलेली पिशवी मातीने भरली, की तिचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटीमीटर होतो आणि तीत दीड लिटर माती मावते. ओली पिशवी सुमारे दोन किलो भरते. वनखात्यात वापरला जाणारा मध्यम रूट ट्रेनर दीडशे घनसेंटीमीटरचा, म्हणजे तिच्या दहाव्या हिश्श्याएवढा. हजार पिशव्या डोंगरावर न्यायच्या म्हणजे दोन टन माती वाहायची. रूट ट्रेनरची शंभर रोपे मात्र एक माणूस सहज उचलतो. उलट त्या दहाव्या हिश्श्यात पाणीही तेवढेच कमी मावते. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तर पिशवीतले रोप मलूल होईल, रूट ट्रेनरमधले कदाचित मरेल. शिवाय त्यात साधी माती चालत नाही. कंपोस्ट, नारळाच्या काथ्याचा भुसा असे हलके मिश्रण आणि वेळच्या वेळी खत लागते. जिथे रोज झारी फिरवणारा माणूस आहे, तेथे रूट ट्रेनर उत्तम. जिथे पाऊस अनिश्चित, गुरांचा वावर मोठा आणि लावल्यानंतर देखभाल शून्य, तेथे मोठ्या पिशवीतले दणकट रोपच अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो. अट एकच, ते वेळेवर लावले गेले पाहिजे.

ह्या ‘वेळेवर’ शब्दातच सारे आले. चांगल्यातल्या चांगल्या भांड्यातही रोप मुदतीबाहेर ठेवले, की त्याची मुळे दाटतात. आणि साध्या पिशवीतले रोपही मुळे भिंतीला नुकती लागली असताना लावले, तर निर्दोष असते. गेल्या वर्षी न खपलेली रोपे यंदा ‘मोठे झाड’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. त्यांत पैसे घालणाऱ्याने वेटोळे विकत घेतले असे समजावे.

खोलीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. भांडी घासावयाचा नवा लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. गळणे थांबले की तोच स्पंज उभा धरावा. आणखी पाणी गळू लागते. कुंडीतल्या मातीचेही असेच आहे. कितीही छिद्रे असली तरी तळाशी चिंब मातीचा एक थर राहतोच, आणि माती तीच असेल तर त्या थराची जाडी कुंडी उथळ असो वा खोल, सारखीच असते. म्हणून उथळ पसरट कुंडीत मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही, तर उंच निमुळत्या कुंडीत वरचा मोठा भाग मोकळा राहतो. तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात चिंब थर तेवढा वर सरकतो. वृक्षांच्या रोपांसाठी घर उंच असावे, पसरट नसावे. आमच्या माळव्यातली काळी माती तर एकटी कधीच भरू नये. ती भिजली की चिकटते, सुकली की आवळते आणि तडकते. पोयट्याची माती दोन भाग, वाळू एक भाग व चांगले कुजलेले शेणखत एक भाग, हे जुने प्रमाण अजूनही विश्वासाचे आहे.

ज्याचा त्याचा स्वभाव

सगळ्या झाडांना एकच माप लावता येत नाही. निमाडात, विशेषतः खंडव्याच्या बाजूस, अंजनाची वने आहेत. खडकाळ, पाणी नसलेल्या जमिनीत हे झाड उभे राहते ते आपल्या मुळाच्या बळावर. वर वीतभर शेंडाही नसतो तेव्हा खाली सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेले असते. भारतीय वृक्षांच्या संवर्धनावर १९२१ साली तीन खंडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या ट्रूप यांनीही ह्या लांब सोटमुळाची नोंद घेतली आहे. असे रोप वीतभर पिशवीत कोंडणे म्हणजे त्याचे एकमेव बळ काढून घेणे होय. अंजन, मोह, बाभूळ यांसारख्यांचे बी पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरणे सर्वांत हिताचे. उंदीर, साळिंदर व गुरे यांच्यापासून राखण करावी लागते, म्हणून एका जागी तीन-चार बिया टाकून पुढे सशक्त तेवढे एक रोप ठेवावे. मोहाची टोळंबी आणि कडुनिंबाची निंबोळी फार दिवस टिकत नाहीत. काही आठवड्यांत त्यांची उगवणशक्ती ओसरते. ती पडतात त्याच दिवसांत पाऊसही येतो. निसर्गाने वेळापत्रक आपणहून जुळवून दिले आहे.

आंबा, जांभूळ, चिंच यांची रोपे पिशवीत होतात, पण ती खोल पिशवीत करावी आणि एका पावसाळ्यापलीकडे ठेवू नयेत. आंब्याच्या बाबतीत बी जागेवर रुजवून तेथेच वाढत्या रोपावर कलम बांधण्याची पद्धतही आहे. त्या झाडाचे सोटमूळ अखंड राहते. वड, पिंपळ, उंबर ह्या मंडळींची तंतुमुळे विपुल असतात आणि ती भिंतीच्या चिरेतही संसार थाटतात. त्यांना भांड्याचा जाच तुलनेने कमी. सागाला स्टंप आहेतच. सुरू व निलगिरी यांसारखी वेगाने वाढणारी, वाऱ्यापुढे उंच उभी राहणारी झाडे मात्र वेटोळ्याची शिक्षा लवकर भोगतात. त्यांच्यासाठी रूट ट्रेनर खरोखर वरदान ठरला आहे.

रोप निवडताना

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. गृहिणी भाजी घेताना भेंडीचे टोक मोडून पाहते, नारळ कानाशी धरून हलवते. रोप घेताना मात्र आपण फक्त उंची पाहतो. उंची हा सर्वांत फसवा गुण आहे. रोपवाटिकेत दाटीने ठेवलेली रोपे उजेडासाठी लांबतात आणि लुकडी राहतात. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. रोपाची उंची सेंटीमीटरमध्ये घ्यावी आणि मातीलगतच्या बुंध्याची जाडी मिलीमीटरमध्ये. पहिलीला दुसरीने भागावे. भागाकार सहाहून कमी आला तर रोप सशक्त. साठ सेंटीमीटर उंच आणि पाच मिलीमीटर जाड रोपाचा भागाकार बारा येतो; ते आधाराच्या काठीवाचून उभे राहणार नाही. पंचेचाळीस उंच व नऊ जाड रोपाचा येतो पाच. ते खुशाल घ्यावे, मग शेजारचे त्याहून हातभर उंच का असेना.

दुसरी कसोटी मुळांची. दहा रोपे घ्यावयाची असतील तर त्यांतले एक फोडून पाहण्याची परवानगी मागावी, आणि त्याचे दाम आपण द्यावे. पिशवी उभी चिरून गड्डा बाहेर काढावा. मातीच्या कडेला बारीक, पांढरट, वरून खाली येणारी मुळे दिसली तर रोप उत्तम. पेन्सिलीएवढे जाड मूळ गोल गुंडाळलेले दिसले तर तो सगळा लॉट सोडून द्यावा. माती भुरूभुरू गळून पडली तर रोप पिशवीत अलीकडेच हलवले आहे, त्याला आणखी काही आठवडे हवेत. पिशवी उचलताना तळातून जाड मूळ जमिनीत गेलेले असेल आणि ते तोडावे लागले, तर रोपाने आपले निम्मे वैभव तिथेच सोडले असे समजावे. चांगला माळी अधूनमधून पिशव्यांच्या जागा बदलतो, ती ह्यासाठीच.

लावताना पिशवी संपूर्ण काढलीच पाहिजे. नुसती तळाशी फाडून रोप खड्ड्यात ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती घातक आहे. पॉलिथिन कुजत नाही, आणि मुळांची कोंडी जमिनीतही चालू राहते. पिशवी ब्लेडने उभी चिरावी, गड्डा फुटू देऊ नये. तळाशी वेटोळे दिसले तर धारदार चाकूने खालचा दोन-तीन सेंटीमीटरचा भाग सरळ कापून टाकावा. मूळ कापायला हात धजत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु कापलेल्या टोकाच्या मागून नवी मुळे सरळ निघतात, गुंडाळलेल्यातून निघत नाहीत. बाजूला बारीक मुळे वळली असतील तर गड्ड्यावर तीन-चार ठिकाणी उभ्या, उथळ चिरा द्याव्या. हे काम ढगाळ दिवशी, पाऊस चालू असताना करावे आणि लगेच पाणी द्यावे. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत असावे. बुंधा मातीत गाडू नये.

घरच्या घरी

ज्यांना स्वतः रोपे करावयाची आहेत त्यांना बाजारातून काहीच आणावयास नको. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवाव्यात. खालचे दोन्ही कोपरे चांगले बोटभर कापावेत, बाजूंना चार छिद्रे पाडावीत, मिश्रण भरून एकेक बी टोकावे. वाफ्यातून हलवण्यापेक्षा बी थेट पिशवीत रुजवले म्हणजे मुळाला आकडा पडण्याचा प्रश्नच उरत नाही. मुख्य गोष्ट, ह्या पिशव्या गच्चीच्या फरशीवर अथवा अंगणाच्या मातीवर टेकवू नयेत. फळांचे जाळीदार क्रेट दोन-दोन विटांवर उचलून ठेवावे आणि त्यात पिशव्या दाटीने उभ्या कराव्यात. खालून हवा खेळली की आपला घरगुती रूट ट्रेनर सिद्ध झाला. अर्ध्या लिटरच्या पिशवीत रोप दोन-तीन महिने नीट राहते; फाल्गुन-चैत्रात पेरलेले आषाढात लावण्याजोगे होते.

जुन्या वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांची बाटलीभोवती नळी करून, तिला तळ न ठेवता, त्याच क्रेटमध्ये उभी केली तरी काम होते. ती रोपासकट लावता येते. काथ्याच्या व शेणाच्या कुंड्याही आता मिळतात. त्या उत्तमच, फक्त त्यांचा काठ मातीवर उघडा ठेवू नये, नाहीतर तो काठ वातीसारखा ओलावा शोषून हवेत उडवतो.

वैशाखाच्या उन्हात काळ्या पिशव्यांची पश्चिमेकडची रांग तापते, आतली माती चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि त्या बाजूची मुळे भाजतात. त्या बाजूला ओल्या गोणपाटाचा आडोसा करावा. एवढी काळजी घेतली, तर दहा-वीस रोपे कोणत्याही घरात निघतील.

वाण द्यावयाचे तर

आपली घरे महाराष्ट्राबाहेर येऊन पिढ्या लोटल्या. परक्या मातीत रुजणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आमची वाचकांना, विशेषतः हळदीकुंकवाचे नि स्मृतिवृक्षांचे उपक्रम करणाऱ्या भगिनी मंडळांना, एक विनंती आहे. येत्या वर्षी रोपांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल. पण देण्यापूर्वी त्यांतले एक फोडून मुळे पाहावीत. संक्रांत हा लागवडीचा काळ नव्हे. त्या दिवशी रोप देण्याऐवजी कापडी पुरचुंडीत चिंचेच्या अथवा बाभळीच्या टिकाऊ बिया, सोबत कोपरे कापलेल्या दोन दुधाच्या पिशव्या आणि पेरावयाची तिथी लिहिलेली चिठ्ठी द्यावी. बी रुजेल ते त्याच घरी, आणि पुढचा पावसाळा येईल तेव्हा योग्य वयाचे, सरळ मुळांचे रोप हाताशी तयार असेल. वाण घेणारीला चार महिने पाणी घालावे लागेल, आणि जे आपण वाढवले ते खड्ड्यात टाकून विसरणे सहसा होत नाही.

रोपवाटिकेकडून मोठी खरेदी करणाऱ्या संस्थांनीही मागणीपत्रात उंचीबरोबर बुंध्याची जाडी, पिशवीचे माप आणि रोपाचे वय लिहावे. ग्राहक मुळे पाहू लागला, की विकणाराही मुळांकडे पाहू लागेल. पिशवीची किंमत एखाद-दुसरा रुपया वाढेल. पंधरा वर्षांनी वादळात उभ्या राहिलेल्या झाडाच्या सावलीत बसणाऱ्याला तो रुपया महाग वाटणार नाही.